काळ्या मातीची मूठ



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, राजकारण किंवा संतविचार यांवर बोलण्याचा प्रघात आहे. अशा व्यासपीठावर माती आणि पाणी हा विषय घेऊन उभे राहणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत कांदाभाकर वाढण्यासारखे आहे. परंतु कांदाभाकरीचीही एक वेळ असते, आणि वैशाखातल्या परभणीत पाण्याच्या गोष्टीइतकी वेळेवरची गोष्ट दुसरी नाही.

या दिवसांत गावाबाहेर चार पावले गेले की काळ्या रानाला पडलेल्या भेगा दिसतात. हात घातला तर कोपरापर्यंत आत जावा, अशा. मृगाचा पाऊस झाला की त्याच भेगा मिटतात, जमीन फुगते, आणि चिखल असा धरतो की बैलाचा पाय निघता निघत नाही. आपले पायताण तर माती ठेवूनच घेते. ही माती पाणी धरते, पाय धरते, गाडीचे चाक धरते, हे येथे कोणाला सांगावयास नको. ती आणखी एक गोष्ट धरते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. पाण्यात विरघळलेले शिसे, तांबे, जस्त, कॅडमियम यांसारखे धातू ती आपल्या अंगात ओढून घेते. या धरण्याचा उपयोग पाणी शुद्ध करण्याकडे कितपत होतो, त्यासाठी मातीवर कोणते संस्कार करावे लागतात, आणि तिने धरलेल्या वस्तूचे पुढे काय करावयाचे, एवढाच आजचा विषय.

प्रथम जड धातू म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. त्यांतले काही आपल्या घरातलेच आहेत. मारुतीला माखतात तो शेंदूर परंपरेने शिशापासून केलेला असतो. कल्हईला लागते ते कथील. त्यात शिशाची भेसळ झाली की ते आमटीतून पोटात जाते. जुन्या रंगांत शिसे होते, गाडीच्या बॅटरीत आजही आहे. तांबे आणि जस्त शरीराला थोड्या प्रमाणात हवेच असतात. शिसे, पारा, कॅडमियम यांचा शरीराला काडीचाही उपयोग नाही. शिसे लहान मुलांच्या मेंदूला बाधते, आणि त्याची मात्रा इतकी सूक्ष्म असते की पाण्याला रंग येत नाही, वास येत नाही, चव बदलत नाही. भारतीय मानक संस्थेच्या २०१२ च्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसे ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम आणि पारा ०.००१ मिलिग्रॅम यांहून अधिक असता कामा नये. आणि एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. पाणी उकळले म्हणजे रोगजंतू मरतात. धातू मरत नाहीत. उकळताना पाणी आटते, धातू तेवढाच राहतो, म्हणजे उलट थोडा दाटच होतो.

आता मातीकडे वळू. "जगात जर्मनी आणि भारतात परभणी" ही म्हण आपण थट्टेने म्हणतो. या विषयापुरती मात्र ती अक्षरशः खरी आहे. माती परभणीची आणि तिचा उलगडा बराचसा जर्मनीचा. सुरुवात मात्र इंग्लंडात झाली. १८४५ च्या सुमारास यॉर्कशायरमधल्या टॉमसन नावाच्या एका जमीनदार शेतकऱ्याला प्रश्न पडला की शेणखताचे सत्त्व पावसाने वाहून का जात नाही. त्याने स्पेन्स नावाच्या एका औषधविक्याला हाताशी धरून प्रयोग केला. मातीने भरलेल्या नळीत वरून अमोनियम सल्फेटचे पाणी ओतले. खालून जे पाणी ठिबकले त्यात अमोनियम नव्हते. त्यात होते कॅल्शियम सल्फेट, म्हणजे आपला जिप्सम. मातीने एक ठेवून घेतले होते आणि बदल्यात दुसरे दिले होते. पुढे इंग्लंडच्या शाही कृषिसंस्थेचा रसायनज्ञ जे. टॉमस वे याने १८५० मध्ये या गोष्टीचा रीतसर अभ्यास प्रसिद्ध केला. त्याने दाखविले की ही देवघेव मातीतल्या चिकण अंशाची करणी आहे, ती क्षणार्धात होते, आणि तिचा हिशेब बरोबर जुळतो. जितके घेतले तितक्याच मोलाचे परत दिले जाते. त्या काळच्या जर्मनीतला रसायनशास्त्राचा महामेरू लीबिग याला हे पटले नाही. थोरांनाही शेजाऱ्याचे शहाणपण लवकर पटत नाही, हे शास्त्रातही चालते.

वेची एक समजूत मात्र टिकली नाही. मातीने एकदा धरले की सुटका नाही, असे त्याला वाटत होते. १८५८ मध्ये आइखहॉर्न या जर्मन शास्त्रज्ञाने दाखविले की देवघेव उलटही होते. तिचे हे काम झिओलाइट जातीच्या खनिजांवर होते. ही खनिजे आपल्या दख्खनच्या पाषाणात पांढऱ्या, गुलाबी स्फटिकांच्या रूपाने विपुल सापडतात; विहीर खोदताना काळ्या खडकाच्या पोकळीत चमकणारे खडे निघतात, त्यांतले कित्येक याच कुळातले. आइखहॉर्नची ही गोष्ट श्रोत्यांनी लक्षात ठेवावी. माती मूठ मिटते तशी ती उघडतेही. आजच्या विषयातली सगळी मेख त्यात आहे.

ही मूठ कशाची केलेली आहे? आपली जमीन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा खडक झिजून झालेली. त्या झिजेतून जी चिकणमाती झाली तिचे मुख्य खनिज स्मेक्टाइट या कुळातले. त्यातला सर्वांत नामांकित सदस्य म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट. नाव फ्रान्समधल्या एका गावावरून पडले. कच्छमध्ये बेंटोनाइट नावाची जी माती खणून काढतात आणि जी देशोदेशी विकली जाते, ती याच खनिजाची, आणि तीही दख्खनच्याच लाव्ह्याशी नाते सांगणारी. १९३३ मध्ये जर्मनीत होफमान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी या खनिजाची अंतर्रचना उलगडली. ती कशी, ते समजण्यास पुरणपोळी पुरे. वर एक पारी, खाली एक पारी, मध्ये पुरण. वरची आणि खालची पारी सिलिकाची, मधले पुरण ॲल्युमिनाचे. अशा पोळ्यांची चवड रचावी, तशी ही माती. एकेक पोळी मिलिमीटरच्या दहालाखाव्या भागाएवढी पातळ. ही रचना तयार होताना काही ठिकाणी चार भारांच्या कणाच्या जागी तीन भारांचा, तिनाच्या जागी दोनाचा कण बसला, त्यामुळे प्रत्येक पोळीच्या अंगावर ऋण विद्युत्भार शिल्लक राहिला. ती उणीव भरून काढण्यासाठी दोन पोळ्यांच्या फटीत कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे धनभारित कण येऊन बसतात. पोळीवर तूप सोडावे तसे. ते पक्के चिकटलेले नसतात. दुसरा धनभारित कण आला आणि त्याची ओढ अधिक असली की पहिला उठतो, दुसरा बसतो. शिसे, तांबे, कॅडमियम हे पाण्यात धनभारित कणांच्या रूपानेच असतात. म्हणून माती त्यांना धरते.

पोळ्या इतक्या पातळ असल्याने मातीचे अंग केवढे मोठे होते, ते ऐकण्यासारखे आहे. शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या पोळ्या पुरत्या उकलल्या तर एका ग्रॅमचे क्षेत्रफळ सातशे ते आठशे चौरस मीटर भरते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. चिमूटभर मातीत सात गुंठे! भाऊबंदकीच्या वाटण्या करणाऱ्यांनी हा हिशेब मनावर घेऊ नये एवढीच विनंती.

ही मूठ आपल्या शेतकऱ्याला फार दिवसांपासून ठाऊक आहे. फक्त तो तिला तक्रार म्हणून ओळखतो. आमच्या जिल्ह्यातली जमीन चुनखडीयुक्त आणि किंचित अल्कधर्मी. अशा जमिनीत जस्त असले तरी पिकाला मिळत नाही. काही चिकणमातीने धरलेले, काही चुनखडीने. ज्वारी-मक्याच्या पानांवर फिकट पट्टे उमटतात, वाढ खुंटते, आणि शेतकरी झिंक सल्फेटची पिशवी आणतो. दुकानात "चिलेटेड" झिंक म्हणून महाग वस्तू मिळते. तिचे इंगित एवढेच की जस्ताच्या कणाभोवती एका सेंद्रिय पदार्थाचे कवच घातलेले असते, जेणेकरून मातीच्या मुठीत तो सापडू नये. १९५६ मध्ये परभणीस कृषि महाविद्यालय निघाले, १९७२ मध्ये कृषि विद्यापीठ झाले. त्या विद्यापीठाने २०१८ मध्ये हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेच्या सहकार्याने दिलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण लोह आणि जस्त अधिक असल्याबद्दल प्रसिद्ध आहे. म्हणजे एकीकडे जस्त पिकाच्या दाण्यात यावे म्हणून संशोधक धडपडत आहेत, आणि दुसरीकडे त्याच जस्ताचे भाऊबंद पाण्यातून निघावेत म्हणून हीच मूठ कामाला लावण्याचा विचार चालला आहे. रानातला दोष तो पाण्यातला गुण, असा हा प्रकार आहे.

येथे शाळांचे शिक्षक बसले आहेत, त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगतो. एका नरसाळ्यात कापसाचा बोळा घालून त्यावर काळी माती आणि धुतलेली वाळू निम्मीनिम्मी मिसळून भरावी. नुसती माती भरली तर ती फुगून नरसाळे बुजेल आणि तास संपेपर्यंत थेंब पडणार नाही. वाळूचे कारण ते. मग मोरचुदाचे फिकट निळे पाणी हळूहळू ओतावे. खालून पाणी बिनरंगी येते. त्यात अमोनियाचे दोन थेंब टाकले आणि निळा रंग उठला नाही म्हणजे तांबे वर राहिले असे समजावे. नंतर त्याच मातीवर सौम्य आम्ल ओतावे. चुनखडीमुळे प्रथम फस्स असा फेस येईल. फेस शमल्यावरही आम्ल ओतीत राहिले की खाली पुन्हा निळसर हिरवे पाणी येऊ लागते. मूठ उघडली! मुलांना पहिल्या भागाने आनंद होतो, दुसऱ्या भागाने शिक्षण होते. मोरचूद विषारी आहे, तेव्हा हे पाणी कोणाच्या तोंडी लागू नये आणि प्रयोगानंतरची माती शाळेच्या बागेत टाकू नये, एवढी दक्षता घ्यावी.

आता कोणी म्हणेल, मग अडचण कोठे आहे? माती फुकटची, रानात हवी तितकी; घागरीत मूठभर टाकावी आणि निर्धास्त व्हावे. वर्तमानपत्रांत अधूनमधून 'स्वस्त मातीने पाण्यातले विष नाहीसे' अशा धर्तीचे मथळे वाचावयास मिळतात, त्यांनी ही आशा वाढते. म्हणून थोडे गणित करू. गणिताचा कंटाळा असणाऱ्यांनी शेवटचा आकडा तेवढा ध्यानात घ्यावा.

आपल्या काळ्या मातीची कणांची देवघेव करण्याची शक्ती ठोकळमानाने अशी की एक ग्रॅम माती, दुसरे कोणी स्पर्धेस नसेल तर, सुमारे ५० मिलिग्रॅम शिसे धरू शकेल. समजा एखाद्या पाण्यात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम शिसे आहे, म्हणजे मर्यादेच्या पाचपट. मग एका ग्रॅमने एक हजार लिटर पाणी साफ व्हावयास हवे. मथळा तयार झाला! परंतु या हिशेबातले पाणी ऊर्ध्वपातित, म्हणजे प्रयोगशाळेतले निर्मळ पाणी आहे. आमच्या बोअरचे पाणी तसे असते काय? हंड्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. कठीणपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम धरला, जो आमच्याकडे फार मानला जात नाही, तरी त्या पाण्यात शिशाच्या एका कणामागे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बारा हजारांवर कण असतात. तेही धनभारित, तेही दोन भारांचे, आणि त्यांनाही त्याच फटीत बसावयाचे आहे. आषाढीच्या एस. टी.ला एक म्हातारी आणि बारा हजार वारकरी असा तो देखावा. मातीला शिशाची ओढ अधिक आहे हे खरे. ती दसपट आहे असे धरून हिशेब केला तरी एका ग्रॅमच्या वाट्याला सुमारे ०.०४ मिलिग्रॅम शिसे येते. म्हणजे एक हजार लिटरांच्या जागी एक लिटरही धड साफ होत नाही. हिशेब ढोबळ आहे. पोळीच्या कडांवर धातू निराळ्या आणि अधिक घट्ट रीतीने बसतात, काही शिसे चुनखडीशी जुळून साक्याच्या रूपाने खाली बसते, त्यामुळे प्रत्यक्षातली गोष्ट इतकी निराशेची नसते. पण हजार आणि एक यांमधले अंतर का पडते, हे त्यावरून कळते. कोणी मातीच्या गाळणीचा चमत्कार सांगू लागला की त्याला पहिला प्रश्न विचारावा: प्रयोग कोणत्या पाण्यावर केला?

दुसरी अडचण याहून मूलभूत आहे. सगळेच धातू धनभार घेऊन येत नाहीत. क्रोमियमचा जो अपायकारक प्रकार आहे तो पाण्यात क्रोमेट म्हणून असतो, आर्सेनिक आर्सेनेट म्हणून, हे ऋणभारित. मातीही ऋणभारित. सारखे भार एकमेकांस दूर लोटतात, तेव्हा कच्ची माती यांना दारात उभे करीत नाही. हेच कारण आपल्या विहिरींतल्या नायट्रेटचे आहे. युरियापासून प्रथम अमोनियम होते. ते धनभारित, माती ते धरते, टॉमसनने पाहिले तसेच. पण जमिनीतले जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते ऋणभारित, आणि मातीच्या बोटांतून ते सरळ निसटून खाली विहिरीच्या झऱ्याला जाते. आमच्या भागातल्या विहिरींची खरी काळजी शिशापेक्षा नायट्रेट, फ्लोराइड आणि कठीणपणा यांची अधिक आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. यांतल्या पहिल्या दोहोंपुढे कच्च्या काळ्या मातीचे काही चालत नाही.

म्हणून संस्कार. माणसाप्रमाणे मातीलाही ते देता येतात, आणि मातीच्या बाबतीत त्यांचा परिणाम मोजता येतो, ही अधिक सोय! सर्वांत सोपा संस्कार सोडियमचा. फटीतले कॅल्शियम काढून सोडियम बसविला की पोळ्या सैल होतात आणि देवघेव सुकर होते. सोडियम जागा लवकर सोडतो. दुसरा आम्लाचा. त्याने पोळ्यांच्या कडा खाल्ल्या जातात, छिद्रे वाढतात. खाद्यतेलाच्या कारखान्यांत तेलाचा रंग काढण्यासाठी जी माती वापरतात ती अशीच आम्लसंस्कारित असते. बाजारच्या पॅकबंद तेलाचा नितळ रंग बराचसा तिचा प्रसाद आहे. धातू धरण्यासाठी मात्र आम्लसंस्कार नेहमीच हितकर ठरतो असे नाही, कारण तो अती झाला तर पोळीच विरघळते. तिसरा संस्कार लोहाचा. मातीच्या अंगावर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप चढविला की तो आर्सेनिकला धरतो. चौथा अधिक चतुराईचा. साबणासारखे एक लांब शेपटीचे सेंद्रिय द्रव्य घ्यावयाचे, ज्याचे डोके धनभारित असते. ती डोकी फटीत आणि पृष्ठावर रुततात. द्रव्य पुरेसे घातले तर त्यांचा दुहेरी थर बसतो आणि मातीचे बाह्यांग ऋणाचे धन होते. मग क्रोमेटसारखे ऋणभारित पाहुणे तिला चालतात. पाचवा संस्कार १९७० नंतरच्या दशकात पुढे आला. ॲल्युमिनियमचे मोठे, अनेक भारांचे कण फटीत घालून माती तापवावयाची, म्हणजे दोन पोळ्यांमध्ये खांब उभे राहतात आणि माती ओली झाली तरी फुगत वा मिटत नाही. वाड्याचे माळवद खांबांवर तोललेले असते तशी ती दिसत असावी.

शेवटच्या संस्काराचे मोल काळ्या रानात राहणाऱ्यांस अधिक कळेल. मातीची जी फुगण्याची सवय तीच गाळणीची वैरीण आहे. पाणी आत शिरले की माती फुगते आणि वाट बंद करते. घागरीत घोळून टाकली तर ती दिवसेंदिवस खाली बसत नाही, पाणी गढूळच राहते, आणि न बसलेल्या मातीबरोबर तिने धरलेले शिसेही आपण पिऊन टाकू. तेव्हा मातीच्या गोळ्या वळाव्या लागतात, वाळू मिसळावी लागते, किंवा शेवटी तुरटी फिरवून तिला खाली बसवावी लागते. तुरटीचा उल्लेख आला म्हणून सांगतो: पावसाळ्यात नदीला येणाऱ्या गढूळ पाण्यातले पुष्कळसे धातू मुळातच त्या गाळाच्या कणांना चिकटलेले असतात. आपल्या आजी-पणजी तुरटी किंवा निवळीचे बी फिरवून पाणी निवळू देत, आणि तळचा गाळ ढवळू देत नसत, त्यात नकळत हेही काम साधत असे.

मग कोणी विचारील, कुंभाराचे मडके तरी मातीचेच ना? मडके पाणी गार करते; ते धातू धरील अशी आशा करू नये. सहाशे-सातशे अंशांच्या भट्टीत या खनिजाच्या पोळ्या एकमेकींना कायमच्या चिकटतात, त्यांतले बद्ध पाणी निघून जाते आणि देवघेवीची शक्ती जवळजवळ संपते. भाजलेली माती भिजत नाही हा तिचा गुण, आणि त्याच गुणाची ही किंमत. चकचकीत रंगाचे, काचेसारखा लेप दिलेले भांडे असेल आणि त्या लेपात शिसे असेल, तर आंबट पदार्थ त्यात ठेवणे धोक्याचेच.

तर मग या संस्कारित मातीचे योग्य ठिकाण कोणते? आमचे मत असे की ते ठिकाण घरातली घागर नव्हे. ज्या नळातून कारखान्याचे सांडपाणी बाहेर पडते त्याचे तोंड, हे तिचे ठिकाण. तेथे धातू दाट असतो, लिटरला हजारांश मिलिग्रॅमांऐवजी कित्येक मिलिग्रॅम. पाण्याची आम्लता तेथे मोजता व सुधारता येते, माती बदलण्याचे वेळापत्रक ठेवता येते, आणि पाहणारा जाणता माणूस ठेवता येतो. मुलामा देण्याचे कारखाने, बॅटऱ्या वितळविण्याच्या भट्ट्या, रंगाचे कारखाने यांच्या सांडपाण्यात चुना घालून बहुतेक धातू आधी खाली बसवावयाचा आणि उरलासुरला मातीने टिपावयाचा, अशी जोडी जुळते. आपल्या जिल्ह्यात असे कारखाने फार नाहीत. पण पाण्याला जिल्ह्याची हद्द कळत नाही. जालना शहरातून जाणारी कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना सेलूकडून येऊन पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला. छत्रपती संभाजीनगरची खाम नदी पैठणच्या नाथसागरात येते आणि नाथसागराचा डावा कालवा आपल्या पाथरी-मानवतच्या रानांत. आम्ही कोणावर आरोप करीत नाही. पाण्याची वाट तेवढी सांगतो. ज्याचे गाव वाटेच्या खालच्या टोकाला असते त्याने वरच्या टोकाची चौकशी ठेवावी.

घरापुरते सांगावयाचे तर प्रथम पाणी तपासून घ्यावे. तपासणीवाचून गाळणी घेणे म्हणजे नाडी न पाहता काढा देणे. तपासणीत धातू निघालाच तर आजच्या घटकेला आर. ओ. यंत्र तो बऱ्याच अंशी काढते, मात्र बरेच पाणी मोरीत सोडून. टंचाईच्या गावात हा सौदा महाग पडतो. संशोधनाची वाट बंद नाही. नागपूरला १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आणि आता 'नीरी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत औष्णिक वीजकेंद्राच्या राखेपासून झिओलाइट तयार करण्याचे काम झाले आहे. परळीच्या धुराड्याकडे पाहताना हे आमच्या लोकांना आठवावे असे आम्हांला वाटते. राख म्हणजेही सिलिका आणि ॲल्युमिनाच. फक्त पोळी लाटलेली नाही.

आता राहिला तो प्रश्न, ज्याच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. मातीने शिसे धरले. पुढे काय? शिसे नाहीसे झालेले नाही. पाण्यातून मातीत आले आहे. ती माती ओल्या, काळसर चिखलाच्या रूपाने कारखान्याच्या अंगणात पडली आहे. दिसावयास ती रानातल्या मातीसारखीच दिसते, म्हणून कोणीतरी ती ट्रॉलीत भरून बांधाला टाकण्याचा मोह होतो. हा मोह कोठवर नेतो ते जपानच्या जिंझू नदीच्या खोऱ्याने पाहिले आहे. वरच्या खाणीतले कॅडमियम नदीत आले, नदीतून भातखाचरांत आले, आणि खाचरांच्या मातीने ते इमानाने धरून ठेवले. भाताच्या मुळांनी मात्र त्यातले थोडे थोडे उचलले. तो भात वर्षानुवर्षे खाऊन माणसांची, विशेषतः प्रौढ स्त्रियांची, हाडे इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानेही मोडत. विव्हळण्याच्या शब्दावरूनच त्या रोगाला 'इताई-इताई' असे नाव पडले. १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणजन्य रोग असल्याचे मान्य केले. त्या खाचरांची वरची माती बदलण्याचे काम तीस वर्षांहून अधिक काळ चालून २०१२ मध्ये संपले. माती धरते, पण मुळाच्या टोकाशी असलेल्या आम्लाला, चिलेटला ती थोडे थोडे सोडते. आमच्या दुकानातल्या चिलेटेड झिंकचे जे तत्त्व तेच हे.

म्हणून वापरलेल्या मातीचे दोनच मार्ग आहेत. एक, आम्लाने धुऊन धातू परत मिळवावयाचा आणि माती पुन्हा वापरावयाची. हा तेव्हाच परवडतो जेव्हा धातू मोलाचा असतो आणि धुण्याचे आम्लपाणी पुन्हा नाल्यात सोडले जात नाही. दुसरा, सिमेंटात घट्ट करून अस्तर घातलेल्या खड्ड्यात कायमची पुरावयाची. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांखाली असा कचरा मान्यताप्राप्त ठिकाणीच न्यावा लागतो. महाराष्ट्रात तळोजे, रांजणगाव, बुटीबोरी येथे तशा जागा आहेत. त्या खड्ड्याच्या तळाशी घालावयाच्या अस्तरात बेंटोनाइटचाच उपयोग करतात, कारण भिजून फुगलेल्या त्या मातीतून पाणी झिरपत नाही. गाळणीत जी सवय आडवी आली तीच येथे कामाला आली. परभणीहून रांजणगावपर्यंतचे भाडे, तेथील शुल्क, कागदपत्रे, हे सारे एक किलो मातीच्या किमतीत धरून मग ती स्वस्त की महाग ते ठरवावे. कच्छच्या मातीचा बाजारभाव त्या हिशेबातली सर्वांत लहान रक्कम निघेल. आमच्या पाहण्यात आलेल्या बहुतेक लेखांत ही एकच रक्कम लिहिलेली असते.

बराच वेळ घेतला. अध्यक्षमहाराजांची अनुज्ञा असेल तर प्रश्नोत्तरे घेऊ. आणि ज्यांनी आपल्या बोअरच्या पाण्याच्या तपासणीचे कागद बरोबर आणले आहेत त्यांनी ते पुढे पाठवावेत.